पहिला आणि तिसरा शनिवार

‘ताबा’ हा शब्द तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? आमच्या ऑफिसात विचारलंत तर दहातले नऊ जण फ्लॅटबद्दलच बोलतील. बिल्डर ताबा देत नाहीये, ताबा मिळाला पण पाण्याची लाइन नाही, वगैरे वगैरे. मीसुद्धा २०१६ साली ताबापत्र हातात पडलं तेव्हा अख्ख्या फ्लोअरवर पेढे वाटले होते. पुढे कळलं की कोर्टात हाच शब्द मुलांनाही लावतात. ‘अज्ञान मुलाचा ताबा.’ अज्ञान म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेला. माझा मुलगा तेव्हा सव्वाचार वर्षांचा होता, त्याला बावीस डायनासोर नावानिशी पाठ होते, आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर तो अज्ञान ठरला होता. मी अर्जदार. त्याची आई सामनेवाली.

घटस्फोटाच्या खटल्याचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि ते छापायचं नसतं, असं हिंदू विवाह कायद्याचं २२वं कलम सांगतं. म्हणून इथे नावं नाहीत, शहर नाही, कोर्ट कुठलं तेही नाही. मुलाला आपण चिरंजीव म्हणू. आमचं का बिनसलं हेही सांगणार नाही. ती एकच बाजू होईल, आणि दुसरी मांडायला ती इथे नाही.

तर मार्च २०२०. लॉकडाऊन लागला. ती औषधांच्या कंपनीत, तिला प्लांटवर जाणं भागच होतं. मी सॉफ्टवेअरवाला, लॅपटॉप उघडला की झालं ऑफिस सुरू. त्यामुळे पुढचं दीड वर्ष चिरंजीवांची दिवसपाळी माझ्याकडे. आंघोळ, वरणभात, दुपारची झोप, नर्सरीचा ऑनलाइन वर्ग, सर्दी, डॉक्टर, पुन्हा वरणभात. मी कॉलवर असताना मांडीवर मूल हे दृश्य टीमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की तो दिसला नाही तर क्लायंट त्याची चौकशी करायचा. याचं मला काही कौतुक नकोय. घराघरांत बायका हे कायमच करत आल्यात आणि त्यांना कुणी विचारत नाही. पण रोजचं सगळं माझ्या हातून होत होतं, एवढंच सांगायचंय.

ऑक्टोबर २०२१मध्ये ती त्याला घेऊन माहेरी गेली. माहेर शहराच्या दुसऱ्या टोकाला. महिन्याभरात तिथल्याच शाळेत त्याचं नाव घातलं गेलं. आणि मी एका वकीलबाईंच्या ऑफिसात फाइल घेऊन जाऊन बसलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘तुम्ही पालक आहातच हो. त्याला कुणाचीच हरकत नाही. प्रश्न ताब्याचा आहे.’

हे दोन वेगळे असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. १९५६चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा आहे, त्याचं सहावं कलम म्हणतं की मुलाचा नैसर्गिक पालक आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई. या ‘नंतर’वरून १९९९ साली सुप्रीम कोर्टात मोठा खटला गाजला होता. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रोखे घेण्यासाठी पालक म्हणून सही केली आणि रिझर्व्ह बँकेने ती चालणार नाही म्हटलं. कोर्टाने सांगितलं की ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर असं नाही, त्यांच्या गैरहजेरीतही आई पालक असू शकते. बरोबरच आहे. पण त्याच सहाव्या कलमाची पुढची ओळ म्हणते की पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. म्हणजे सातबारा बापाच्या नावावर आणि जमीन आईकडे! आणि या सगळ्याच्या वर तेरावं कलम. मुलाचं हित सर्वांत महत्त्वाचं, बाकी आईबापांचे हक्क वगैरे त्यापुढे गौण.

‘तुमचा मुलगा सव्वाचारचा आहे,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘पाचपर्यंत हात बांधलेले आहेत असं नाही, पण ओझं तुमच्या डोक्यावर आहे.’

कौटुंबिक न्यायालयात पहिली गाठ न्यायाधीशांशी पडत नाही. १९८४च्या कायद्यानेच आधी तडजोडीचा प्रयत्न करायला सांगितलंय, त्यामुळे फाइल आधी समुपदेशकांकडे जाते. आमच्या समुपदेशक बाई पन्नाशीच्या. टेबलावर पाण्याची बाटली आणि टिश्यू पेपरचा खोका. मी बसलो आणि त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘मुलाचा ताबा खरंच हवाय, की पोटगी कमी करून हवीय?’

माझं डोकं सणकलं. पण नंतर कॉरिडॉरमध्ये तारखेची वाट बघत बसायला लागलो तेव्हा तो प्रश्न कुठून आला ते कळलं. ‘तू पोटगीचा अर्ज मागे घे, मी मुलाचा मागे घेतो’ ही वाक्यं मी माझ्या कानांनी ऐकलीत, तीही चहाच्या टपरीवर, मोठ्या आवाजात. ज्या माणसाला मुलाची इयत्ता धड सांगता येत नाही तो ताब्यासाठी अर्ज ठोकतो, कारण बायको तिथेच घाबरते. अशांच्या रांगेत माझाही अर्ज. बाईंनी विचारायलाच हवं होतं.

मग त्यांचे पुढचे प्रश्न आले. बुटाचा नंबर? शेवटची लस कुठली? रात्री दचकून उठला तर काय करता? ‘लहान मुलांचा दहा,’ मी म्हटलं. ‘दीड वर्षाचा बूस्टर झालाय, पुढचा पाचव्या वर्षी. दचकला तर पाय चोळून द्यावे लागतात. डावा आधी.’ त्या लिहून घेत होत्या. शेवटी विचारलं, ‘आणि आईबद्दल काय सांगितलंय त्याला?’

‘आई आजीकडे राहते, तूही तिथे राहतोस, बाबा इथे. कुणी कुणावर रागावलेलं नाही.’

हे उत्तर लिहायला त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला.

फेब्रुवारी २०२२मध्ये मला अ‍ॅक्सेस मिळाला. (अ‍ॅक्सेस! तोवर हा शब्द मी फक्त ऑफिसच्या स्वाइप कार्डापुरता वापरत होतो.) महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी अकरा ते एक, कोर्टाच्याच आवारातल्या मुलांच्या खोलीत. त्या रात्री मी एक्सेल उघडली. सवय, दुसरं काय. महिन्याला दोन शनिवार, वर्षाला चोवीस, प्रत्येकी दोन तास. अठ्ठेचाळीस तास. वर्षातले दोन दिवस.

ती खोली तुम्ही बघितली नसेल, आणि बघायची वेळ न येवो. भिंतीवर कार्टून, कोपऱ्यात एका पायाने लंगडा लाकडी घोडा, खुर्च्या मात्र मोठ्या माणसांच्या. दारात रजिस्टर, आत जाताना सही, बाहेर पडताना सही. बहुतेक बाप इस्त्रीचा शर्ट घालून आलेले, हातात खेळण्यांच्या दुकानाची चकचकीत पिशवी. पहिली दहा मिनिटं पिशवी पुरते. मग बाप आणि मूल दोघंही एकमेकांकडे बघत बसतात. आमच्या शनिवारी एक आईसुद्धा यायची, तिची मुलगी वडिलांकडे होती. तिच्याही हातात तशीच पिशवी. त्या खोलीत बाई-पुरुष असा काही फरक नसतो. मूल ज्याच्या घरी झोपत नाही तो, एवढी एकच जात.

तीन शनिवार मीही पिशवी नेली. चौथ्या वेळी नेलकटर नेला. त्याची नखं कापणं हे रविवारचं माझं काम होतं, आणि कापताना एकेका बोटाला एकेका डायनासोरचं नाव द्यायचं असा आमचा नियम. हाताची दहा, पायाची दहा, दोन डायनासोर शिल्लक राहायचे त्यांची भांडणं. त्या दिवशी अर्धा तास कसा गेला कळलं नाही. शेजारचा एक बाप टक लावून बघत होता. पुढच्या तिसऱ्या शनिवारी चिरंजीव आला तो नखं वाढवूनच. तिच्या आईच्या घरी नेलकटर नसेल असं नाही. तिने कापली नव्हती. तीन वर्षांत आम्ही एकमेकांना वकिलांमार्फत काय काय पाठवलं, पण तिचं न बोलता आलेलं हे पहिलं उत्तर मी कधी विसरलेलो नाही.

आता कोर्टाची गोष्ट. मी ताब्याचा अंतरिम अर्ज दिला तेव्हा मुलगा सव्वाचार वर्षांचा होता. त्यावर युक्तिवाद झाला जानेवारी २०२३मध्ये. तेव्हा तो साडेपाचचा. मध्ये काय झालं? काही नाही. तारखा झाल्या. कधी समोरचे वकील नाहीत, कधी आमचे दुसऱ्या कोर्टात, कधी न्यायाधीशांची बदली, मग मे महिना, मग दिवाळी. पाच वर्षांचा अडसर आपोआप गेला म्हणून मी मनातून खूश होतो. पण त्यांच्या वकिलांनी उभं राहून शांतपणे सांगितलं की मुलगा सव्वा वर्ष तिथे राहतोय, त्याची शाळा तिथे, मित्र तिथे, आजी-आजोबा तिथे. तो स्थिरावलाय, त्याला हलवू नये. आणि ते खरं होतं! मी स्वतः न्यायाधीशाच्या खुर्चीत असतो तर मलाही पटलं असतं. ज्या उशिराने पाच वर्षांची अट संपवली त्याच उशिराने नवी भिंत बांधली होती. ताबा आईकडेच राहिला, मला दर रविवारचा दिवस मिळाला.

इथे एक बारीकसा तपशील सांगतो, कारण मला तो फार खुपतो. हिंदू विवाह कायद्याच्या २६व्या कलमात २००१ साली एक दुरुस्ती झाली. खटला चालू असताना मुलांच्या पोटगीचा आणि शिक्षणाच्या खर्चाचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा, असं त्यात आलं. उत्तम आहे, फी थांबत नाही. पण त्याच कलमात ताब्याचाही विषय आहे, आणि त्याला साठ दिवस लागू नाहीत. म्हणजे पैशाला मुदत आहे, मुलाने रात्री कुठे झोपायचं याला नाही. चार वर्षांच्या मुलाचं एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा पाव भाग होतो. आपल्यासारख्यांचं एक अप्रेझल.

आणि हे फक्त बापांच्या विरुद्ध जातं असं समजू नका. २०१७ सालचा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे. त्यातली मुलगी दोन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून वडिलांकडे होती, निकाल लागेपर्यंत शाळेत जाणारी झाली. आईचा सहवास तिला मिळालेलाच नव्हता, त्यामुळे ती आईकडे जायला नाखूश असणारच, त्या नाखुशीवर किती विसंबायचं, असा तो पेच. कोर्टाने तिला आईकडे देण्याचा निर्णय कायम ठेवला. मी बाप असूनही तो निकाल वाचताना त्या आईच्या बाजूने होतो. मूल पहिल्या महिन्यात ज्याच्या घरी असतं त्याच्या पारड्यात दर दिवशी एकेक वजन पडत जातं, मग तो बाप असो की आई. त्यामुळे भांडायचं असेल तर पहिल्या साठ दिवसांत दोन्ही घरी रात्री मिळाव्यात यासाठी भांडायला हवं, असं माझं मत झालं. अंतिम निकाल वगैरे फार पुढच्या गोष्टी.

याच काळात एका मित्राने मला बापांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं. तिथे कायद्याची माहिती चांगली मिळायची, नाकारत नाही. पण रात्री अकरानंतर तिथे जे सुरू व्हायचं ते वाचून मला प्रश्न पडायचा की या लोकांच्या बोलण्यात मुलं कुठे आहेत? बायका, सासवा, वकील, न्यायाधीश, सगळ्यांचा उद्धार. मुलाच्या आजच्या डब्याबद्दल एक ओळ नाही. आठवड्याभरात बाहेर पडलो. ‘अकेले हम अकेले तुम’ मात्र त्या दिवसांत दोनदा पाहिला. १९९५मध्ये बरा वाटला होता, आता कोर्टाचा सीन आला की रिमोट शोधायचो. शिवाय सिनेमात शेवटी आई-बाप एकत्र येतात, त्यामुळे ताब्याचा प्रश्नच मिटतो. जाम सोपं.

ऑगस्ट २०२३पासून महिन्यातून दोनदा शनिवारची रात्र मिळाली. पहिल्या रात्री त्याने सगळ्या खोल्यांत जाऊन बघितलं, फ्रिज उघडला, बंद केला, आणि स्वतःच्या जुन्या पलंगावर झोपून म्हणाला, ‘बाबा, हा छोटा झालाय.’ पाय खरंच बाहेर येत होते.

मग जुलै २०२४. तो सात वर्षांचा. १८९०चा पालक आणि पाल्य कायदा म्हणतो की मूल स्वतःची समंजस पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. त्याप्रमाणे न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये बोलणार असं ठरलं. वकीलबाई खुशीत होत्या. तो माझ्याकडे आनंदाने येतो, मोकळेपणाने बोलतो, आपली केस आता कुठे उभी राहतेय, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं नव्हतं. तारखेच्या आधीच्या बुधवारी नेहमीचा व्हिडिओ कॉल झाला. शाळेचं, क्रिकेटचं झालं. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन त्याने विचारलं, ‘बाबा, जजकाकांना कुणाचं नाव सांगायचं?’

‘कुणाचंच नाही सांगायचं. जे वाटेल ते बोल.’

‘पण एक सांगितलं तर दुसरं रडेल ना?’

कॉल संपल्यावर मी तिला फोन लावला. वकील नाही, समुपदेशक नाही, थेट. पावणेतीन वर्षांत पहिल्यांदा. तिने दुसऱ्या रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘तुलाही विचारलं का त्याने?’

त्या रात्री आम्ही दीड तास बोललो. त्यातला पहिला अर्धा तास भांडलो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दोघांनाही तो प्रश्न त्याच्या डोक्यावरून उतरवायचा होता. वकिलांना कळवलं, तारीख पुढे घेतली, पुन्हा त्याच समुपदेशक बाईंसमोर जाऊन बसलो. टिश्यूचा खोका नवा होता.

विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात आणावी असं सुचवलं होतं. १९५६च्या कायद्यात अजून तो शब्दच नाही. पण दोघांची संमती असेल तर तसं लिहून द्यायला कुणी अडवत नाही. आमच्या संमतीपत्रात मी ताब्याचा अर्ज मागे घेतला. तो आईकडे राहील. एकाआड एक आठवड्यात शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळची शाळा माझ्याकडे. दर बुधवारची रात्र माझ्याकडे. दिवाळी आणि मेची सुट्टी निम्मी निम्मी. शाळेच्या फॉर्मवर दोघांचे नंबर. परदेशी न्यायचं तर दुसऱ्याची लेखी संमती. एक कलम तिने सुचवलं, आजारपणात ज्याच्या घरी असेल तिथे दुसऱ्याने कधीही यायचं, फोन न करता. वकिलांनी त्यावर भुवया उंचावल्या. ठेवलं.

घरी येऊन आईला सांगितलं. आई गणिताची शिक्षिका होती, आता रिटायर्ड. ‘म्हणजे केस काढून घेतलीस? मग इतकी वर्षं काय केलंस रे?’

मी म्हटलं, ‘आई, तीन रात्री गुणिले सव्वीस. अधिक बावन्न बुधवार.’

‘एकशे तीस,’ ती म्हणाली. सुट्ट्या धरल्या नव्हत्या. मग उठून कालनिर्णय काढलं आणि लाल पेनने खुणा करत बसली. ऑफिसात काही जणांनी ‘हरलास यार’ अशा सुरात पाठीवर थाप मारली. त्यांना ही बेरीज सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

सगळं गोडगोड चाललंय असा समज नको. दोन घरं म्हणजे दोन युनिफॉर्म, दोन टूथब्रश, आणि एकच मराठीची वही, जी नेहमी दुसऱ्या घरी असते. गुरुवारी सकाळी शहर ओलांडून शाळेत सोडायला मला सहाला निघावं लागतं, तो मागच्या सीटवर झोपलेला, तोंडाला दुधाची मिशी. तिच्या वडिलांना अजूनही मी गेटपाशी उभा राहिलेलो आवडत नाही. आणि तिला मी त्याला मोबाइल जास्त देतो असं वाटतं, ज्यावर आमचं एकमत नाही.

चिरंजीव आता चौथीत आहे. पाचवीपासून शाळा सकाळच्या सत्रात जाते, सातची घंटा, म्हणजे गुरुवारचं गणित बसत नाही. त्याला पहाटे साडेचारला उठवायचं की बुधवारची रात्र बदलायची, हे ठरवायला हवं. ताब्याचा हुकूम कधीच अंतिम नसतो, मुलाच्या हितासाठी तो बदलता येतो, असं सुप्रीम कोर्टाने १९७३ सालीच सांगून ठेवलंय. पण त्यासाठी कोर्टात जायची आमची दोघांचीही इच्छा नाही. मी तिला मेसेज केला होता की बुधवारऐवजी शनिवार जोडून घेऊ का. तिचं उत्तर आलंय, शनिवारी त्याचा क्रिकेटचा क्लास असतो, रविवारी बोलू.